सिंहासन आणि पायरी

जयपूरच्या जुन्या तटबंदीबाहेर, शहराच्या आग्नेयेला राजा पार्क ही वस्ती आहे. १९४७च्या फाळणीनंतर पंजाब आणि सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी या भागाला व शेजारच्या आदर्शनगराला आजचे रूप दिले. येथील गुरुद्वाऱ्यात ज्या ग्रंथापुढे भाविक मस्तक टेकवतात, त्या ग्रंथात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. गुरू अर्जुनदेवांनी १६०४मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा पंढरपूरच्या या शिंप्याची वाणी त्यात मानाने सामावली गेली. जयपूरजवळच्या सांगानेर आणि बगरू या गावांत कापडावर ठसे उमटवणारे छीपा कारागीरही नामदेवांना आपला संत मानतात. भीमेकाठचा भक्त या शहराच्या परिसरात असा दोन वाटांनी पोहोचला आहे.

याच शहरात ईश्वरी सत्तेपुढे नमण्याचा आणखी एक, अधिक वैभवशाली असा आदर्श आहे. सवाई जयसिंहाने १७२७मध्ये जयपूर वसवले. वृंदावनात राजा मानसिंहाने १५९०मध्ये ज्या गोविंददेवासाठी भव्य मंदिर उभारले होते, त्याची मूर्ती औरंगजेबाच्या काळात तेथून हलवावी लागली होती. ती पुढे जयसिंहाच्या राजवाड्याच्या उद्यानात स्थापन झाली. चंद्रमहालातून देवाचे दर्शन घडावे अशी तिची जागा आहे. राज्याचा खरा धनी गोविंददेव आणि राजा हा त्याचा दिवाण, ही भावना जयपूरच्या परंपरेत खोल रुजली. मेवाडचे महाराणे स्वतःला एकलिंगजीचे दिवाण म्हणवीत. त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्याने १७५०मध्ये आपले राज्य पद्मनाभस्वामीला विधिपूर्वक अर्पण केले आणि स्वतः पद्मनाभदास झाला. शिवाजी महाराजांनी समर्थांच्या झोळीत राज्य टाकले, अशी कथा रामदासी परंपरेत सांगितली जाते. इतिहास म्हणून ती वादग्रस्त असली, तरी लोकमनाला राजाचे कोणते रूप आदर्श वाटत होते, हे तिच्यावरून कळते.

या उदाहरणांतून एक प्रश्न उभा राहतो. आपली सत्ता ईश्वराच्या चरणी वाहणारा माणूस आपली महत्त्वाकांक्षा विसर्जित करतो, की तिला अधिक सुरक्षित स्थान मिळवून देतो?

उत्तर एकेरी नाही. 'हे माझे नव्हे, मी केवळ सांभाळणारा' असे मानणाऱ्या राज्यकर्त्याच्या हाती निदान तत्त्वतः एक मर्यादा येते. ठेव ही उधळण्यासाठी नसते, आणि दिवाणाने धन्याच्या कीर्तीला बट्टा लावू नये, अशी अपेक्षा प्रजाही बाळगू शकते. पण व्यवहारात धनी मौन असतो. तो जमाखर्च मागत नाही आणि दिवाणाला बडतर्फही करत नाही. मग धन्याच्या नावाने दिलेली आज्ञा ही राजाच्या आज्ञेहून अधिक अनुल्लंघनीय होऊन बसते. राजाविरुद्धचे बंड हे देवाविरुद्धचे बंड ठरते. गोविंददेवाचा सेवक म्हणवणाऱ्या जयसिंहाने अश्वमेधही केला. अश्वमेध हा सार्वभौमत्वाच्या घोषणेचा यज्ञ होय. जयसिंहाची भक्ती खोटी होती, असा निष्कर्ष यातून काढणे अन्यायाचे ठरेल. एवढेच म्हणता येईल की, त्याची शरणागती आणि त्याची आकांक्षा एकाच महालात सुखाने नांदू शकल्या. एकीने दुसरीला प्रश्न विचारला नाही.

नामदेवांच्या चरित्रकथेत मात्र हा प्रश्न विचारला जातो, आणि तो अत्यंत अपमानकारक रीतीने विचारला जातो. ही कथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. संतांचा मेळा जमला असता मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाका मडकी तपासण्याची थापटी घेऊन प्रत्येकाच्या मस्तकावर ठोका देतात. सारे संत निमूट बसतात. नामदेव मात्र दुखावतात, आणि गोरोबा निर्णय देतात की हे मडके कच्चे आहे. ज्याच्या हातचा नैवेद्य विठ्ठलाने खाल्ला, ज्याच्याशी देव बोलतो, त्याला कुंभाराने कच्चा म्हणावे! नामदेव देवाकडे गाऱ्हाणे घेऊन जातात. देव त्यांची बाजू घेत नाही. त्यांना गुरू करण्यास सांगतो. औंढा नागनाथाच्या देवळात त्यांना जो गुरू भेटतो, तो विसोबा खेचर शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेला असतो. देव जेथे नाही अशा जागी माझे पाय उचलून ठेव, असे तो सांगतो, आणि नामदेवांना तशी जागा सापडत नाही.

ही कथा अहंकार वाईट असतो एवढाच बोध करणारी असती, तर ती शालेय पुस्तकापुरती उरली असती. तिचे मर्म वेगळे आहे. नामदेवांना धनाची, पदाची वा राज्याची हाव नव्हती. त्यांचा अभिमान देवाच्या जवळिकीचा होता, आणि म्हणूनच तो त्यांना अभिमान म्हणून ओळखू येत नव्हता. लौकिक महत्त्वाकांक्षेला जग अडवते, प्रतिस्पर्धी अडवतात. 'मी देवाचा लाडका' या आकांक्षेला अडवणारे कोणी नसते, कारण तिच्या अंगावर भक्तीचेच वस्त्र असते. देवापुढे नमणे नामदेवांना अवघड नव्हते. अवघड होते ते कुंभाराच्या थापटीखाली बसणे. ईश्वराची सत्ता मान्य करण्याची खरी कसोटी येथे लागते. ती सत्ता जोवर गाभाऱ्यात आहे, तोवर तिच्यापुढे वाकण्यात एक प्रकारचा सन्मानच असतो. ती सत्ता आपल्याहून सामान्य समजलेल्या माणसाच्या मुखातून आपला दोष दाखवू लागते, तेव्हा शरणागती किती सच्ची आहे ते ठरते. देवाला दिवाण म्हणून जबाब देणाऱ्या राजाला अशी थापटी कधी भेटली असेल, असे वाटत नाही.

तथापि नम्रतेच्या या गौरवावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि त्याला बगल देऊन या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्या समाजात नम्रता ही सर्वांकडून सारख्या प्रमाणात कधीच मागितली गेली नाही. चोखोबा विठ्ठलाचे थोर भक्त. पण त्यांना महाद्वाराच्या आत पाऊल टाकता आले नाही. त्यांची लीनता ही त्यांची निवड होती, की त्यांच्यावर लादलेली स्थिती? ज्याला उभे राहूच दिले नाही, त्याच्या वाकण्याला विनय म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. 'ईश्वरेच्छा' या शब्दाने शतकानुशतके माणसांनी केलेली व्यवस्था झाकली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना, धर्मात भक्ती हा मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात ती अधोगतीकडे व अखेर हुकूमशाहीकडे नेईल, असा जो इशारा दिला, त्यामागे हा अनुभव होता. ईश्वराची सत्ता मानणे आणि ईश्वराच्या नावाने बोलणाऱ्या माणसांची सत्ता मानणे, यांतील अंतर पुसले की नम्रतेची गुलामगिरी होते.

नामदेवांना हे अंतर ठाऊक होते, असे परंपरा सुचवते. आदिग्रंथातील त्यांच्या एका पदात, आपल्या जातीमुळे भजन करीत असता देवळातून उठवले गेल्याचा उल्लेख आहे. १३३८मध्ये मंगळवेढ्याला गावकूस कोसळून चोखोबा दगावले, तेव्हा नामदेवांनीच तेथे जाऊन त्यांच्या अस्थी वेचल्या आणि पंढरपूरला महाद्वारासमोर त्यांची समाधी केली, असे सांगतात. जिवंतपणी दारात अडवलेल्या माणसाला त्यांनी दारातच कायमचे स्थान दिले. स्वतः नामदेवांनी काय मागितले? त्याच महाद्वाराची पायरी. १३५०मध्ये ते तेथे समाधिस्थ झाले अशी मराठी परंपरेची श्रद्धा आहे. त्यांची अखेरची वर्षे गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे गेली, असे पंजाबात मानतात. तपशिलाचा वाद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते. देवाशी बोलणाऱ्या भक्ताने गाभाऱ्यातली जागा मागितली नाही. येणाऱ्या जाणाऱ्यांचे पाय जेथे लागतील ती जागा मागितली. थापटीचा ठोका सहन न झालेल्या मस्तकाने अखेर सर्वांच्या पावलांचा भार मागून घेतला.

त्या पायरीवरूनही सर्वांना आत जाता येत नव्हते, हे विसरता कामा नये. मे १९४७मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले झाले. गुरुजींसारख्या मृदू, विनम्र माणसाने प्राण पणाला लावून पंढरपूरच्या बडव्यांपुढे आणि रूढीपुढे न वाकण्याचे ठरवले, आणि हे त्यांनी भक्तीपोटीच केले. स्वतःसाठी काही न मागणारी नम्रता दुसऱ्याच्या हक्कासाठी किती ताठ उभी राहू शकते, हे त्या उपोषणाने दाखवले.

त्याच वर्षी काही महिन्यांनी पंजाबातील लक्षावधी कुटुंबे बेघर झाली. राजा पार्कमध्ये वस्तीला आलेले लोक त्यांतलेच. शीख परंपरेत ईश्वरी सत्तेसाठी 'हुकम' हा शब्द आहे आणि माणसाच्या मीपणासाठी 'हउमै' हा. हुकम मानणे म्हणजे हात जोडून बसणे, असा अर्थ या परंपरेने केला नाही. कष्ट करून खावे आणि वाटून खावे, ही शिकवण तिने हुकमाच्या जोडीनेच दिली. सर्वस्व गमावलेल्या पिढीने दुकाने मांडली, घरे बांधली, मुले शिकवली. कर्तृत्व आणि महत्त्वाकांक्षा यांतील भेद अशा ठिकाणी कळतो. कर्तृत्व कामाकडे पाहते. महत्त्वाकांक्षा काम करणाऱ्याच्या प्रतिमेकडे. नामदेवही गुरूपदेशानंतर स्वस्थ बसले नाहीत. परक्या मुलखात गेले, परक्या भाषेत रचना केली, आणि त्यांची वाणी ज्या ग्रंथात चिरंतन झाली तो त्यांच्या पश्चात अडीचशे वर्षांनी सिद्ध व्हायचा होता. एवढे मोठे कार्य त्यांच्या हातून घडले ते कीर्तीचा हिशेब न मांडता.

कोणत्याही गुरुद्वाऱ्यात शिरताना जोडाघर लागते. तेथे सेवेला बसलेला माणूस बाहेर कारखानदार असेल, अधिकारी असेल. त्या तासाभरात तो अनोळखी माणसांचे जोडे उचलतो, पुसतो आणि ओळीने ठेवतो. सेवा संपल्यावर तो पुन्हा आपल्या पदावर जातो, आणि तेथे त्याला कोणी त्याची चूक दाखवली तर तो काय करतो, हे जोडाघराला कळत नाही. गोरोबाकाकांची थापटी मात्र तेथेच, त्याच्या रोजच्या खुर्चीजवळ, त्याची वाट पाहत असते.