हन्नाने शिवलेला झगा



डिसेंबर लागला, की धर्मग्रामाच्या कार्यालयात काही पालक एका खास कामासाठी येऊ लागतात. येत्या जूनपासून मुलाला किंवा मुलीला बोर्डिंग शाळेत घालायचे असते आणि अर्जासोबत धर्मगुरूंचे शिफारसपत्र हवे असते.

गेल्या आठवड्यात असेच एक दांपत्य आले होते. त्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहोत. दोघेही सकाळच्या लोकलने मुंबईला जातात, परत यायला रात्रीचे आठ वाजतात. आजी-आजोबा आता राहिले नाहीत. मुलगा सातवीत आहे. शाळेतून आला, की घरात तो आणि मोबाईल. "फादर, तिथे निदान शिस्त तरी लागेल," वडील म्हणाले. त्यांनी माहितीपत्रक पुढे केले. पोहण्याचा तलाव, घोडेस्वारी, इंग्रजी संभाषण, सारे काही त्यात होते. आम्ही विचारले, "मुलाचे काय म्हणणे आहे?" दोघे एकमेकांकडे पाहू लागले. त्याला अजून सांगितलेच नव्हते.

आज पवित्र कुटुंबाचा सण आहे. आजच्या पहिल्या वाचनात हन्ना आपल्या बाळ शमुवेलला शिलो येथील मंदिरात नेऊन एली याजकाच्या स्वाधीन करते. म्हणजे मुलाला घरापासून दूर ठेवणे हे पवित्र शास्त्राला नवीन नाही आणि ते पापही नाही. आपल्या अनेक वडीलधाऱ्यांना मिशनच्या बोर्डिंगनेच अक्षरओळख दिली. आम्ही स्वतः सोळाव्या वर्षी पत्र्याची ट्रंक घेऊन सेमिनरीत गेलो. तिथे आम्हाला पुष्कळ मिळाले. पण पहिले तीन महिने उशीत तोंड खुपसून रडलो, हेही तितकेच खरे आहे.

मात्र हन्नाची गोष्ट तिथे संपत नाही. पुढच्या अध्यायात दोन गोष्टी येतात, त्या प्रत्येक पालकाने वाचाव्यात. पहिली अशी, की ज्या पवित्र स्थानी तिने मूल ठेवले, तिथे एलीचे दोन पुत्र भ्रष्ट होते. ते बलिदानाचे मांस जबरीने घेत आणि मंदिरद्वारी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी दुराचार करीत. लोकांच्या तक्रारी एलीच्या कानावर आल्या. तो मुलांना चार शब्द बोलला, पण त्याने त्यांना आवरले नाही. बंधू-भगिनींनो, संस्थेचे नाव मोठे आहे, तिथे क्रूस लावला आहे, एवढ्याने मूल सुरक्षित होत नाही. तक्रार आल्यावर तिथले मोठे लोक काय करतात, यावर ते ठरते.

आमच्या आधीच्या धर्मग्रामातील एक मुलगा अशाच एका नामांकित शाळेत होता. रविवारी घरी फोन करायचा, तेव्हा शेजारी रेक्टर उभे असत. "बरं आहे" याखेरीज तो काही बोलत नसे. दिवाळीच्या सुट्टीत आला तो वाळलेला, आणि परत जायला तयार होईना. आई-वडील त्याला घेऊन आमच्याकडे आले. आम्ही आमचा सेमिनरीचा अनुभव सांगितला आणि म्हणालो, "थोडे सहन कर बाळा, सवय होईल." तो गेला. फेब्रुवारीत कळले, की मोठी मुले रात्री त्याला मारत आणि त्याच्याकडून कपडे धुऊन घेत. शाळेचे उत्तर होते, "मुले आहेत, चालायचेच." पालकांनी त्याला घरी आणले. दहावी त्याने गावातल्याच शाळेतून केली. आम्ही त्याची क्षमा मागितली, पण त्या सल्ल्याची टोचणी आजही जात नाही. मूल बोलत होते, आम्ही ऐकले नाही.

शमुवेलला रात्री हाक ऐकू आली, तेव्हा तो उठून एलीकडे धावला. एकदा नव्हे, तीनदा. एलीत दोष होते, पण तिन्ही वेळा त्याने मुलावर खेकसून त्याला परत पाठवले नाही. तेव्हा शाळा पाहायला जाल तेव्हा हा प्रश्न आधी विचारा: रात्री दोन वाजता माझे मूल घाबरले, तर ते कोणाकडे धावत जाईल? झोपण्याच्या खोल्यांजवळ कोण असते? माझ्या मुलाला माझ्याशी एकट्याने बोलता येईल का? वार्षिक समारंभाच्या दिवशी नव्हे, साध्या दिवशी जा. स्वयंपाकघर आणि संडास-न्हाणीघर बघा. वरच्या वर्गातील मुलांशी बोला. रविवारच्या मिस्साची आणि दृढीकरण संस्काराच्या तयारीची सोय विचारा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास मनाई आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास तो कळवणे २०१२ च्या कायद्याने सर्वांवर बंधनकारक आहे, आपल्या चर्चच्या संस्थांवरही. १०९८ हा क्रमांक मुलाला पाठ करून द्या.

दुसरी गोष्ट त्या झग्याची. दरवर्षी हन्ना शमुवेलसाठी एक छोटा झगा शिवून नेत असे. विचार करा, वर्षभर न पाहिलेल्या मुलाचे माप तिला कसे कळत असेल? ती मनातल्या मनात रोज त्याची उंची मोजत असणार. संत जॉन बॉस्को यांनी १८४७ साली तूरिन येथे अनाथ मुलांसाठी आपल्या घरात वसतिगृह सुरू केले, तेव्हा त्यांची वृद्ध आई मार्गारिता तिथे स्वयंपाक करीत होती, मुलांचे फाटके कपडे शिवत होती. वसतिगृहालाही आई लागते, हे त्या संताला ठाऊक होते. आमची आई महिन्याच्या भेटीच्या रविवारी सुकेळी घेऊन येई. सुकेळी संपत, पण ती आली होती हे महिनाभर पुरे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणावरील घोषणापत्रात स्पष्ट केले आहे, की आई-वडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत. तत्त्वज्ञानाच्या भाषेत बोलायचे, तर शाळा हे साधन आहे. आपण काम दुसऱ्यावर सोपवू शकतो, जबाबदारी सोपवता येत नाही. जमीन विकून आलेल्या पैशाने फी भरता येते, झगा मात्र स्वतःच शिवावा लागतो. तेव्हा मूल डोईजड झाले म्हणून, शिक्षा म्हणून, किंवा शेजारच्याने पाठवले म्हणून पाठवू नका. सुट्टीत आलेले मूल आपल्या आजीशी कादोडीत बोलू शकेल, एवढे तरी नाते राखा. आणि जे पालक पाठवू शकत नाहीत, त्यांनी मन छोटे करू नये. आजच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसला खरा, पण नंतर तो नाझरेथला परतला आणि तिथेच, सुताराच्या घरात, ज्ञानाने वाढला.

त्या दांपत्याचे शिफारसपत्र आम्ही अजून लिहिलेले नाही. "पुढच्या रविवारी मिस्सानंतर मुलाला घेऊन या," एवढेच सांगितले आहे. तो काय म्हणतो ते आधी तिघे मिळून ऐकणार आहोत. मग काय ते ठरेल.

पवित्र मरिया आणि संत जोसेफ यांनीही आपले मूल तीन दिवस शोधले. त्यांच्या मध्यस्थीने, घरी असलेल्या आणि दूर असलेल्या आपल्या सर्व मुलांचे प्रभू रक्षण करो.

आपले,
प्रमुख धर्मगुरू