ओळख कोणासाठी?



जांबे गावापासून हिंजवडी जवळच. तिथल्या आयटी पार्कने या परिसरातली शेते बदलली, रस्ते बदलले आणि आपल्या बोलण्याची रीतही बदलली. "ओळखी वाढव, पुढे कामाला येतील," असे आपण मुलांना सहज सांगू लागलो. याला आता नेटवर्किंग म्हणतात. समोरच्याचे नाव लक्षात ठेवा, त्याचे ऐका, त्याचे कौतुक करा, असे त्यात शिकवले जाते. शिकवण चांगलीच आहे. पण प्रश्न उरतो: आपण हा मान त्या माणसाला देतो, की त्याच्याकडून होणाऱ्या कामाला?

कोल्हापूरची एक हकिकत आठवते. गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू महाराजांच्या चाकरीत होते. ते त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजातले. पाण्याला शिवले म्हणून इतर नोकरांनी त्यांना बेदम मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढण्यास मदत दिली. त्यांनी चहाचे हॉटेल उघडले. पण त्यांच्या हातचा चहा पिणार कोण? मग महाराज स्वतः आपली गाडी त्या हॉटेलापुढे थांबवीत, चहा मागवीत, आपण पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत.

महाराजांना गंगारामांकडून काय मिळायचे होते? काहीच नाही. पैसे देऊन, पाठ थोपटून ते मोकळे होऊ शकले असते. त्यांनी त्याहून मोठी गोष्ट दिली. धंद्यात जिला पत म्हणतात ती आपली पत त्यांनी भर रस्त्यात एका चहावाल्याच्या मागे उभी केली. प्रभू येशू जक्कयाच्या घरी उतरला, तेव्हाही लोक कुरकुरले होते. दुसऱ्याला मान देताना आपले थोडे खर्ची पडतेच. गोड शब्दांना मात्र काही पडत नाही.

मग ओळखीचा फायदा घेणे चूक आहे का? तसे नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली मांडले की, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. यातला 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा. आपण एकमेकांच्या उपयोगी पडतोच, पडावेही. पण उपयोग संपल्यावर ओळखही संपत असेल, तर ती ओळख माणसाशी नव्हतीच.

याची कसोटी आपल्या रोजच्या कामातच आहे. सहकाऱ्याने केलेले काम तो हजर नसताना साहेबांपुढे त्याच्या नावाने आपण सांगतो का? कंपनीच्या दारावरच्या सुरक्षारक्षकाचे नाव आपल्याला ठाऊक आहे का? आणि नोकरी गेलेल्या मित्राचा फोन आला, की आपण तो उचलतो की वाजू देतो?

आपल्या धर्मग्रामातही असा कोणी असेल. लोकांनी "सध्या कुठे आहात?" असे विचारू नये म्हणून तो मिस्सेला उशिरा येत असेल आणि लवकर निघून जात असेल. या आठवड्यात आपण त्याला थांबवू या. त्याच्यासाठी कुणाकडे शब्द टाकता आला, तर जरूर टाकू या. तेही जमले नाही, तर निदान त्याच्याबरोबर कपभर चहा घेऊ या, चारचौघांत.