स्मृतिभ्रंश आणि स्टिअरिंग
स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचे क्लच-गिअर सहसा उशिरा सुटतात. वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेली ही कृती अल्झायमरच्या पहिल्या टप्प्यात बऱ्यापैकी शाबूत राहते. आधी ढळते ते अवधान: डावीकडून घुसणारा सायकलस्वार, पुढच्या ट्रकचा वेग आणि बदलता सिग्नल यांचा एकाच क्षणी मेळ घालणे. गाडी चालवता येणे आणि रहदारीत निभावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरच्यांना रोज पहिली दिसते आणि ते निर्धास्त राहतात.

निदान होताच परवाना रद्द करावा, असा एक आग्रही पक्ष आहे. त्याची भीती खरी असली तरी उपाय घाईचा आहे. सौम्य अवस्थेतील पुष्कळ रुग्ण प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी उत्तीर्ण होतात. निदानाबरोबर परवाना जाणार असेल, तर लोक डॉक्टरांकडे जाणेच टाळतील. मात्र या युक्तिवादाला एक मोठे भगदाड आहे. हा आजार स्वतःची उणीव ओळखण्याची शक्तीही नेतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या २०१० च्या मार्गदर्शिकेनुसार, 'मी नीट चालवतो' हा रुग्णाचा निर्वाळा भरवशाचा नसतो. जवळच्यांची शंका अधिक उपयोगी ठरते. आज उत्तीर्ण झालेल्याला आपण नापास होण्याचा दिवस कळणार नाही. म्हणून निदानानंतर दर काही महिन्यांनी फेरचाचणी हवीच, आणि निर्णय रुग्णावर किंवा त्याच्या मुलांवर न टाकता त्रयस्थ यंत्रणेने घ्यायला हवा.

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ नुसार आजारामुळे परवाना रद्द करता येतो. पण तो आजार परवाना अधिकाऱ्याला कळणार कसा? चाळिशीनंतर लागणाऱ्या नमुना १-अ च्या दाखल्यात स्मरणाची चाचणी नाही. पंचावन्नाव्या वर्षानंतर नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते. तेवढ्या काळात सौम्य आजार बराच पुढे जाऊ शकतो. ही उणीव गंभीर आहे.

जपानने २०१७ पासून पंचाहत्तरीपुढच्या चालकांसाठी नियम कडक केले: बोधनचाचणीत स्मृतिभ्रंशाची शंका आल्यास डॉक्टरी तपासणी सक्तीची, आणि निदान झाल्यास परवाना रद्द किंवा स्थगित. पुढे तिथल्या संशोधकांना वृद्ध चालकांचे अपघात घटलेले, पण पायी आणि सायकलवर जखमी होणारे वृद्ध वाढलेले आढळले. धोका संपला नाही; त्याचा काही भाग गाडीबाहेर आला.

इथे चाचणीचा प्रश्न अपुरा पडतो. महाराष्ट्रात २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि ती सवलत मोलाची आहे. पण जो स्टिअरिंगवर वाट चुकतो, तो बसमध्येही आपला थांबा विसरतो. त्याला तिकिटाइतकीच सोबत्याची गरज असते. परवाना काढून घेणाऱ्या यंत्रणेनेच दवाखाना, बाजार आणि नातलगांकडे जाण्यासाठी सोबतीसह वाहनाची तजवीज करायला हवी. ती होईपर्यंत परवाना रद्द करण्याचे काम अर्धेच झालेले असते.