मऊ चाकाचा दोष

पुण्याच्या माझ्या एका स्नेह्यांपाशीं १९३० सालची फोर्ड मॉडेल ए मोटार आहे. गेल्या महिन्यांत ती भर रस्त्यांत एकाएकीं थांबली. एंजिन उघडून पाहतां कॅमशाफ्टच्या टायमिंग गिअरचे दांते झडून गेल्याचें आढळलें. कॅमशाफ्ट थांबला कीं ठिणगीहि थांबते. हें चाक मुळांतच धातूचें नसतें. राळेनें घट्ट केलेल्या कापडाचें तें असतें. क्रँकशाफ्टवरील लहान पोलादी चाकाशीं तें भिडतें आणि त्याच्या निम्म्या गतीनें फिरतें. धातूवर धातु घासून आवाज होऊं नये, म्हणून ही योजना.

“आतां ॲल्युमिनियमचें बसवावें काय?” स्नेह्यांनीं विचारलें. “थोडें गुणगुणेल, पण टिकेल.”

प्रश्न वरवर पाहतां यंत्राचा. मला तो नीतीचा वाटला. दोन वस्तू एकमेकींशीं घासत असतां झीज कोणीं सोसावी? मऊ वस्तूनें सोसली तर शांतता लाभते, आणि शेवटीं तीच तुटते. मग आपण म्हणतों, वस्तूच कमकुवत होती!

मिस्त्रीनें मात्र निराळेंच केलें. तुटक्या चाकाकडे न पाहतां त्यानें पोलादी चाकावर बोट फिरविलें. त्याचे दांते झिजून धारदार झाले होते. “साहेब, हें जुनें ठेवाल, तर कापडाचें काय नि ॲल्युमिनियमचें काय, कोणतेंहि नीट चालणार नाहीं. जोडी बदला.”

मला माझी आई आठवली. आम्हां चार भावांच्या घरांतून भांडणाचा आवाज कधीं बाहेर गेला नाहीं. तिच्या सोशिकपणाची आम्ही तोंड भरून स्तुति करीत असूं. ती गेल्यावर वर्षाच्या आंत घर फुटलें, आणि “आई गेली, घर गेलें” असें म्हणून आम्ही मोकळे झालों. आपापले दांते कोणीं तपासले नाहींत; मींहि नाहीं.

सोशिकपणा हा सद्गुण आहे, यांत शंका नाहीं. पण दुसऱ्याच्या सोशिकपणाची स्तुति करण्याचा अधिकार स्वतःची धार उतरविल्यावांचून येत नाहीं. मऊ चाक बाजारांत पुन्हा मिळतें. माणूस मिळत नाहीं.

स्नेह्यांनीं जोडी बदलली. पोलादी चाक नवें, आणि मोठें चाक पुन्हा कापडाचेंच. गाडी आतां शांतपणें चालते. ती शांतता ऐकतांना मला मात्र अपराध्यासारखें वाटतें.