विंचवाचं बिऱ्हाड, खाडीचा हुकूम

रेवस-रेडी सागरी मार्ग कागदावर सलग आहे. मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून कोकण त्याची वाट पाहतंय आणि अजूनही तो अधूनमधून खाडीत अडखळतो. रेडी मागे टाकून तेरेखोलला आलं की रस्ताच संपतो. समोर नदी, पलीकडे केरीचं सुरूचं बन, मध्ये फेरीबोट. झोपायच्या जागेसकट, शेगडी-नळासकट सगळं घर चाकांवर घेऊन निघालेल्या माणसालाही इथे फेरीची वाट पाहावी लागते. कॅरॅव्हॅनच्या जाहिरातीतला निवांतपणा विकत मिळतो. फेरीच्या धक्क्यावरचा हा लादलेला असतो. माझा विश्वास या दुसऱ्यावर अधिक.

तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा. 1746 मध्ये पोर्तुगिजांनी तो घेतला, आणि तेव्हापासून नदीच्या उत्तरेचा हा चिमुकला तुकडा गोव्याचा राहिला. जमिनीनं तो महाराष्ट्राला चिकटलेला, गोव्याशी त्याचं नातं पाण्यावरून. उरलेला पेडणे तालुका तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मध्ये. पूल होईपर्यंत नदी ओलांडून आत शिरायचं तर होडीवाल्याची मर्जी सांभाळावी लागे. हरमल, मांद्रे, मोरजी इतकी वर्षं आडबाजूला राहिली, याचं बरंचसं श्रेय मी नद्यांना देतो.

साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातले तरुण जुन्या व्हॅन आणि बसगाड्या घेऊन इस्तंबूल, तेहरान, काबूल करत गोव्यात उतरत. 1979 मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि ती वाट मिटली. आता माणसं विमानानं येतात; पेडण्यातच मोपाचा विमानतळ झाला. उघड्यावर शेगडी पेटवायची सोयही उरलेली नाही: 2019 पासून गोव्यात पर्यटनस्थळी असा स्वयंपाक केला तर दंड आहे. किनाऱ्यावरची फुटक्या बाटल्यांची रास ज्यानं पाहिली, तो या कायद्यावर फारसा रागावणार नाही.

पण पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणं या भागाला व्हॅनवाल्यांनी शिकवलेलं नाही. डिचोली तालुक्याला समुद्र नाही, तरी तिथल्या नार्व्याचा सप्तकोटेश्वर पाणी ओलांडूनच आलेला. 16व्या शतकात दिवाडी बेटावरचं त्याचं देऊळ पाडलं गेलं, भक्तांनी लिंग नदीपार आणलं आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवाला पक्कं घर बांधून दिलं. देवालाही इथे स्थलांतर चुकलं नाही.

आणि दशावतारी! कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की सिंधुदुर्गातल्या नाटकमंडळ्या रोज नव्या गावात, कधी पेडण्यात, कधी डिचोलीत. पूर्वी ही माणसं मुकुट-मुखवट्यांचा पेटारा डोक्यावर घेऊन डोंगर-खाड्या पायी तुडवत. आता टेम्पो किंवा बस असते. लिहिलेली संहिता नसते, कथा ठरते आणि संवाद रंगमंचावर उभं राहिल्यावर सुचतात. मुक्काम देवळाच्या आवारात, जेवण गावाचं. थांबायला जागा हक्कानं मिळते, कारण रात्रभर राबून ते तिचं मोल चुकवतात. आपण कॅरॅव्हॅनवाले पैसे मोजतो, आणि गावाला आपल्याकडून आणखी काही हवं असेल ही शंकाही आपल्याला येत नाही.

तरीही जायचंच असेल तर जत्रेच्या दिवसांत जावं. गाडी कुठे लावायची ते देवस्थानाच्या माणसाला विचारावं, आणि नाटक मध्यरात्रीच्या सुमाराला सुरू होतं हे धरून दुपारीच झोपून घ्यावं.