वरची झळाळी आणि आतलं शौच



आजचं चिंतन ज्ञानेश्वरीच्या १३ व्या अध्यायावर. गीतेच्या या अध्यायात सातव्या श्लोकापासून भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगायला सुरुवात करतात. मूळ श्लोकात एकेक शब्द आहे, पण माऊलींनी त्या एकेका शब्दावर ओव्यांची रास घातली आहे. त्यातलं 'शौच' हे लक्षण आज आपण घेऊ.

शौच म्हटलं की आपल्याला आंघोळ, धुतलेलं धोतर, सोवळं-ओवळं आठवतं. माऊली त्याच्या पुढे जातात. ते कापराचं उदाहरण देतात. कापूर कुठूनही फोडा, आत-बाहेर सारखाच. मग रत्न घेतात, मग सूर्य. सूर्याला आतली बाजू वेगळी आणि बाहेरची वेगळी असं काही नाहीच. माणूस बाहेरून कर्माने धुतलेला आणि आतून ज्ञानाने उजळलेला असावा, म्हणजे ते शौच.

आणि लगेच उलटी बाजू दाखवतात. आत काही नसताना वरून केलेली शुद्धी कशी, तर मढ्याला घातलेल्या दागिन्यांसारखी. तीर्थात न्हाऊ घातलेल्या गाढवासारखी. कडू भोपळ्याला गूळ चोपडावा तशी. पोकळ कळसाची झळाळी आणि आत शेण भरलेलं रंगीत फळ, हेही दृष्टांत तिथेच येतात. वाचताना हसू येतं, आणि मग कुठेतरी टोचतं.

मला हे जास्त टोचतं, कारण माझी हयात वरची झळाळी करण्यात गेली. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. तिथे गाड्यांना तोटा नाही आणि ठोकलेल्या गाड्यांनाही नाही. तीसेक वर्षं मी गॅरेजात डुको मारला. म्हणून जळगावच्या भाच्याने मध्यंतरी फोन केला.

"मामा, बाबांची जुनी गाडी विकायचीय. डेंटिंग-पेंटिंगवाले फार पैसे सांगताहेत. मी घरीच मारतो सिल्व्हर मेटॅलिक. एकसारखा, गुळगुळीत कसा बसेल तेवढं सांगा."

मी त्याला जे सांगितलं ते इथेही सांगतो. ज्याला गाडी रंगवायची आहे त्याला उपयोग होईल, आणि ज्याला नाही त्याला माऊलींचा दृष्टांत कळायला मदत होईल.

मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक चपटे कण असतात. ते सगळे पत्र्यावर आडवे, सारखे निजले की उजेड एकसारखा परततो आणि गाडी चमकते. रंग ओला-ओला जाड बसला तर कण तरंगतात, एका जागी गोळा होतात, ढगासारखे डाग दिसतात. कोरडा बसला तर कण वेडेवाकडे उभे राहतात, हात फिरवला की खरखर लागते. म्हणून बंदूक पत्र्यापासून १५ ते २० सेंटीमीटरवर, हात सरळ रेषेत, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. मनगट गोल फिरवलं की मधे रंग जास्त आणि कडेला कमी. दोन मध्यम हात मारायचे, दोन हातांच्या मधे १०-१५ मिनिटं थांबायचं, ओली चमक जाऊ द्यायची. शेवटचा हात थोडा लांबून, अगदी हलका. त्यानेच कण सारखे होतात. कण तळाशी बसतात, म्हणून रंग अधूनमधून ढवळत राहायचा.

आणि वेळ. आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. पत्रा तव्यासारखा तापलेला असतो. रंगाचा थेंब पत्र्यावर पोचायच्या आतच थिनर उडून जातं, मग रंगाची भुकटीच बसते. पावसाळ्यात हवेतलं पाणी नडतं. दिवाळीनंतर, सकाळचं दव सरल्यावर, वारा पडलेला असताना काम करावं. काळ्या मातीची धूळ आणि हंगामात जिनिंगमधली उडती रुई ओल्या रंगावर हमखास बसते. म्हणून आधी जमिनीवर पाण्याचा सडा टाकायचा. सडा पडला की धूळ खाली राहते, हे आपल्या आयाबायांना कुणी शिकवावं लागलं नाही.

मग रंगावर क्लिअर कोट. चमक आणि संरक्षण त्याचं. हार्डनर घातलेल्या क्लिअरच्या फवाऱ्यात आयसोसायनेट असतं, ते फुफ्फुसाला धरतं, दम्यासारखा त्रास कायमचा लागू शकतो. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. भाच्याला मी स्पष्ट सांगितलं, तो थर बूथ असलेल्या गॅरेजात मारून घे, अंगणात पोरंबाळं खेळत असताना नको. त्याच सातव्या श्लोकात अहिंसाही आहे, बरं का. आपल्या हौशीपायी शेजारच्या लेकराच्या छातीत विष जाऊ नये, ही अहिंसाच.

हे सगळं झालं वरचं. आता खरी गोष्ट. मंडळी, मेटॅलिक रंग काही म्हणता काही झाकत नाही. साधा पांढरा रंग एखादा ओरखडा पोटात घालतो. सिल्व्हर उलट करतो, जाड पेपरचा एक ओरखडा राहिला तर कण त्या रेघेत बसतात आणि रेघ उठून दिसते. बोटाचं तेल राहिलं तर तिथे माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. म्हणून आधी गंज घासून पांढरा पत्रा काढायचा, पुट्टी कोरडीच घासायची कारण ती पाणी पिते, मग प्रायमर, मग पाणीपेपर ८०० नंबरपर्यंत न्यायचा, मग तेलकटपणा पुसायचा. रंग मारायला एक तास, आणि त्याच्या आधी तीन-चार दिवस नुसती घसाई. बघणारा म्हणतो काय रंग बसलाय! बसलेली असते ती घसाई.

आणखी एक. मेटॅलिकमधे कचरा अडकला म्हणून नुसतं तेवढं घासून वरून क्लिअर मारता येत नाही. कण खरवडले जातात, डाग कायम राहतो. घासलंत तर तिथे रंगाचा हात पुन्हा द्यावाच लागतो. मागे जावं लागतं. मनाचंही तसंच नाही का? एखादी गोष्ट मनात रुतली असताना वरून गोड बोलण्याचा थर दिला, तर उजेड पडला की ती आधी दिसते.

तर भाच्याने मोबाइलवर फोटो पाठवले. एका फोटोत ड्रायव्हरच्या दाराखालची पट्टी आतून गंजून जाळी झालेली. बोट दाबलं तर आत जाईल अशी. मी विचारलं, "याचं काय करणार?"

"त्यात पुट्टी भरतो मामा, वरून सिल्व्हर. तुम्ही म्हणता तशी घसाई केली तर घेणाऱ्याला काय दिसतंय?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. खरोखरच दिसलं नसतं. माझ्याच सांगण्याने इतकं सुबक झालं असतं की वर्षभर कळलं नसतं. घेणारे एक शाळामास्तर, जळगाव ते एरंडोल रोज जाणारे, मागच्या सीटवर दोन मुलं. दाराखालची ती पट्टी म्हणजे गाडीच्या सांगाड्याचाच भाग. बाजूने धडक बसली तर मार ती झेलते. पुट्टी काय झेलणार?

मी त्याला उपदेश केला नाही. आपल्या जिल्ह्यातल्या चांगदेवांची आठवण करून दिली, एवढंच. तापी-पूर्णेच्या संगमावर त्यांचं देऊळ आहे, तो लहानपणी आईसोबत तिथे गेलेला. आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानदेवांना भेटायला निघाले. केवढं ते वाहन, केवढा थाट! समोरून चारी भावंडं आली ती साध्या भिंतीवर बसून. ना रंग, ना रोगण. चांगदेवांचा सगळा दिमाख तिथेच उतरला, आणि त्यांनी पुढे त्या लहानग्या मुक्ताईला गुरू केलं. वाघावर बसून आलेला माणूस एका मुलीपुढे वाकला, हे मला त्या भिंत चालण्यापेक्षा मोठं वाटतं.

भाचा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, कापून नवा पत्रा वेल्डिंग करायचा तर खर्च आहे. आणि मास्तरांना सांगितलं तर ते भाव पाडतील."

"हो, पाडतील," मी म्हटलं.

त्याने पत्रा कापून घेतला. वेल्डिंग करायच्या आधी मास्तरांना बोलावून ती जागा उघडी दाखवली. त्यांनी ८ हजार कमी केले. भाच्याच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे, ते ८ हजार त्याला जड गेले, आणि नंतर कुठूनही दामदुपटीने परत आले नाहीत. देव असा हिशेब ठेवतो असं मी तुम्हाला सांगणार नाही. रंग मात्र त्याने छान मारला. बॉनेटवर एका कोपऱ्यात जरासा ढग आहे, जाणकारालाच दिसेल असा. मास्तरांना तोही त्याने दाखवला.

माऊलींच्या कापराकडे परत बघा. कापूर बाहेरून रत्नासारखा चमकत नाही. त्याचं मोठेपण एवढंच की फोडला तरी घाबरायचं कारण नाही, आत तेच आहे. शौच म्हणजे मला आज एवढंच कळतं. कुणी आपल्याला कुठेही बोट दाबून बघितलं, तरी बोट आत जाऊ नये.

आजचा नेम: आपल्या घरात, धंद्यात, बोलण्यात अशी एक जागा शोधा जिथे आपण पुट्टी भरून वरून रंग मारलाय. फार नको, एकच. ती ज्या माणसाशी संबंधित आहे, त्याला ती उघडी करून दाखवा. भाव पडेल. पडू द्या.

राम कृष्ण हरी.