बापूंनी न पाहिलेला धबधबा

1927च्या दक्षिण दौऱ्यात गांधीजी शिमोगा जिल्ह्यातल्या सागरला आले होते. जोगचा धबधबा, आपल्याकडे ज्याला गिरसप्पा म्हणतात तो, तिथून फार लांब नव्हता. सोबत काका कालेलकर होते. जन्म साताऱ्याचा, लेखन गुजरातीत आणि नद्यांचे वेड जन्मभराचे. त्यांनी बापूंना गळ घातली. लॉर्ड कर्झनसुद्धा मुद्दाम हा धबधबा पाहायला आला होता, हेही सांगून पाहिले. बापूंनी उंची विचारली. काका म्हणाले, 960 फूट. पावसाचे पाणी तर त्याहून कितीतरी उंचावरून पडते, असे म्हणून बापूंनी विषय मिटवला. मग निदान तुमचे सचिव महादेवभाई यांना तरी पाठवा, असा काकांचा आग्रह. तेही जमले नाही. महादेवचा गिरसप्पा मीच, असे बापूंचे म्हणणे!

हा किस्सा काकांनीच लिहून ठेवला आहे. उत्तर हजरजबाबी आहे खरे, पण पटत नाही. पाऊस सगळीकडे पडतो. त्याचे पडणे डोळ्यांत भरायला कडा लागतो. जोगला शरावती नदी 253 मीटर खाली झेपावते (काकांचा आकडा जरा उदार होता), तीही चार धारांनी. राजा कड्याला न टेकता सरळ सुटतो. रोअरर खडकांत आदळत, गर्जत येतो आणि अर्ध्या वाटेवर राजाला मिळतो. रॉकेट झोतामागून झोत फेकतो. राणी मात्र खडकाला धरून, फेसाळत, पायरी-पायरीने उतरते. भर आषाढात गेलेल्यांना यातले काहीच दिसत नाही. दरी धुक्याने भरलेली, कानात नुसता घोष, आणि छत्र्या सावरत कठड्याशी उभी असलेली माणसे. वाऱ्याचा एक झोत येतो, पडदा सरकतो, गर्दीतून एकच आवाज उठतो आणि मोबाइल वर होईपर्यंत पुन्हा सगळे पांढरे. नेमक्या वेळी तिथे असण्याला इथे किंमत आहे. पावसाच्या सर्वसाधारण थोरवीने ती भरून निघत नाही.

विश्वेश्वरय्यांनी हाच धबधबा पाहून केवढी ही नासाडी म्हणून हळहळ व्यक्त केली, अशी आख्यायिका आहे. अभियंत्याचा रुक्षपणा म्हणून ती रंगवून सांगतात, आणि तो अन्याय आहे. पुण्यात शिकलेल्या, खडकवासल्याला स्वयंचलित दारे बसवणाऱ्या या माणसाला वाहून जाणाऱ्या पाण्यात घराघरांतले दिवे दिसत असतील, तर तीही एक दृष्टीच. 1948 मध्ये जोगला 120 मेगावॅटचे वीजघर सुरू झाले. त्याला पुढे नाव दिले गेले महात्मा गांधींचे. पाहायला नकार देणाऱ्याचेच नाव तिथे कायमचे लागले.

1964 मध्ये वरच्या अंगाला लिंगनमक्की धरण पूर्ण झाले आणि धबधब्याची सूत्रे पावसाकडून धरणाच्या दारांकडे गेली. आता उन्हाळ्यात जाणाऱ्याला काळा कातळ आणि त्यावरून ओघळणाऱ्या एक-दोन बारीक धारा दिसतात. पाणी बोगद्यांतून, नळांतून टर्बाइनकडे गेलेले असते. पर्यटक निराश होतात, पण त्यांच्या हातातला मोबाइलही विजेवरच चालतो. सौंदर्य की उपयोग, हा वाद घालणारे दोन्ही पक्ष बहुधा कठड्याच्या याच बाजूला उभे असतात. ज्यांची घरे आणि शेते त्या जलाशयाखाली गेली, त्यांना यातले काहीच निवडायला मिळाले नाही. त्यांच्यातल्या अनेक कुटुंबांच्या जमिनीच्या हक्काचा प्रश्न साठ वर्षांनंतरही सुटलेला नाही.